कुमुदवन्सं आणि अडकलेलं कपलिंग

कपलिंग काही केल्या सुटत नव्हतं. कुमुदवन्संनी पाइप गुडघ्यांत धरला होता, दोन्ही हातांनी पितळी कडं मागे ओढत होत्या, आणि कडं तसूभर हलत नव्हतं. मी दुसऱ्या पाइपाचं वेटोळं खांद्यावर घेऊन त्यांच्या डोक्याशी उभी.

"कालच्या कामानंतर सोडवलं नव्हतं का?" मी विचारलं.

"राहिलं असेल," वन्सं म्हणाल्या. वर न बघता.

मला खटकले ते हेच दोन शब्द. वन्संच्या हातून काही राहत नसे. गॅसची कळ, दुधावरचं झाकण, दाराची कडी, काही नाही. कपलिंग तर नाहीच नाही.

ही गोष्ट आमचं शहर अजून औरंगाबाद होतं तेव्हाची. आम्ही दोघी गालिचे धुवायचो. म्हणजे धंदा मुळात माझ्या नवऱ्याचा, शिरीषचा. हॉटेलांचे, सभागृहांचे, बड्या घरांतले गालिचे आणि सोफे धुण्याचं एक जुनं यंत्र त्याने कुठूनसं आणलं होतं. पाणी तापवायचं, ते जोरात गालिच्यात मारायचं आणि लगेच मळासकट शोषून घ्यायचं. त्याच्या लांब पाइपामुळे शिरीष त्याला हत्ती म्हणायचा. हत्ती आला आणि दोन-अडीच वर्षांत शिरीष गेला. झोपेतच. सकाळी चहा घेऊन उठवायला गेले तर काही उरलं नव्हतं.

आम्हाला मूल नव्हतं. घरात उरलो मी आणि त्याची थोरली बहीण. कुमुदवन्संचं लग्न झालेलं नव्हतं. त्या बालवाडीत शिकवायच्या. शिरीषचे दिवस झाल्यावर आधीच घेतलेलं एक काम तोंडावर आलं. मदतनीस पळाला होता. वन्सं म्हणाल्या, मी धरते पाइप. त्यांनी त्या दिवशी जो पाइप धरला तो सोडलाच नाही. बालवाडी मात्र सुटली.

कपलिंग म्हणजे दोन पाइप झटक्यात जोडायची पितळी जोडणी. एकाच्या टोकाला खोबण असलेली नळी, दुसऱ्याच्या टोकाला तोंड, आणि त्या तोंडावर स्प्रिंगवर मागेपुढे सरकणारं कडं. कडं मागे ओढायचं, नळी आत सारायची, कडं सोडायचं. आतले बारीक छर्रे खोबणीत बसतात आणि खट्ट असा आवाज होतो. झालं. पण आमच्याकडचं बोअरचं पाणी म्हणजे निम्मं चुनाच. त्यात साबण. काम झाल्यावर जोडणी तशीच ठेवली तर दुसऱ्या दिवशी आत पांढरा थर धरतो आणि कडं दगड होतं. म्हणून शेवटी साधं पाणी सोडून पाइप धुवायचा, दाब उतरवायचा, जोडण्या सोडवायच्या, कोरड्या पुसायच्या, आतल्या रबरी कडीला तेलाचं बोट लावायचं. हे सगळं वन्सं करायच्या. देवाची उपकरणी घासावीत तशा. मला कधी हात लावू दिला नाही.

आणि आता तेच कपलिंग धरून त्या हिसके देत होत्या.

ते एका हॉटेलातलं सभागृह होतं, पहिल्या मजल्यावरचं. संध्याकाळी तिथे कुणाचा तरी साखरपुडा होता. आमच्या हत्तीचा हीटर झेपेल असा प्लग एकच, दाराजवळ. तिथून एक पाइप निम्म्या हॉलपर्यंत पोचायचा. पुढचा निम्मा हॉल आणि स्टेज धुवायचं तर मधे दुसरा पाइप जोडणं भाग. आणि तो जोडायचा तर पहिल्या पाइपाच्या टोकाला बसलेली धुवायची दांडी आधी सुटायला हवी. ती सुटत नव्हती. अर्धा गालिचा ओला आणि स्वच्छ, अर्धा मळका, मधे सरळ रेघ मारल्यासारखी. व्यवस्थापक कादरीसाहेब दोनदा दारात डोकावून गेले होते. सज्जन माणूस, बोलायचे नाहीत, पण हातातल्या किल्ल्या वाजवायचे.

मी म्हटलं, हीटर बंद करू, थंड होऊ दे, व्हिनेगरचं फडकं गुंडाळून ठेवू, सुटेल. वन्सं म्हणाल्या, तेवढा वेळ नाही. वेळ होता. जेवणं व्हायची होती अजून, सजावटवाले दुपार कलल्यावर येणार होते. पण वन्संच्या पायाला त्या दिवशी चक्र होतं. खिडकीशी जात, परत येत, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत, फोन हातात घेत, ठेवत. एका खुर्चीवरचा अभ्रा त्यांनी तीनदा नीट केला.

हे काही त्या दिवसाचं नव्हतं. महिनाभर चाललं होतं. वन्सं जेवताना ताटात रेघोट्या ओढायच्या. फोन आला की गच्चीवर जायच्या. एकदा दातांच्या डॉक्टरकडे जाते म्हणून गेल्या आणि फार वेळाने आल्या, डोळे लाल. मी विचारलं तर म्हणाल्या, दात दुखतोय. मी जिन्यात असताना एकदा त्यांचं बोलणं कानावर पडलं होतं. "संजीवनीला कळू देऊ नका. वेळ आली की मीच सांगेन."

माझ्या सासूबाईंनी असंच केलं होतं. छातीतली गाठ वर्षभर लपवली. वन्संनी त्यांचं सगळं केलं होतं आणि त्यानंतर किती तरी वर्षं त्या म्हणायच्या, आईने सांगितलं असतं तर. मी रात्री पडल्या पडल्या त्यांच्या श्वासाकडे कान लावून असे. विचारायचा धीर होत नव्हता. विचारलं आणि हो म्हणाल्या तर काय करायचं, हे मला ठाऊक नव्हतं.

व्हिनेगर मागायला मी खाली स्वयंपाकघरात गेले. आचाऱ्याने वाटीभर दिलं. परत येते तो वन्सं खिडकीशी, पाठमोऱ्या, फोन कानाला.

"पोचलात का?" त्या हळू म्हणत होत्या. "नाही, तिला नाही सांगितलं अजून. आज सांगायचं होतं, पण इथे हे असं..."

माझी चाहूल लागली तशी त्यांनी फोन बंद केला. "कादरीसाहेब होते," म्हणाल्या. कादरीसाहेब मला आत्ताच जिन्यात भेटले होते, दोन्ही हातांत फुलदाण्या घेऊन.

मी व्हिनेगरची वाटी खाली ठेवली आणि फडकं आणायला पिशवीकडे गेले. तेवढ्यात मागून पंपाची घरघर ऐकू आली. वन्संनी यंत्र चालू केलं होतं. का, तर पाण्याच्या दाबाने कडं ढिलं होईल असं त्यांच्या मनात आलं. होतं ते उलट. आतून दाब असला की छर्रे आणखी घट्ट रुततात. पाइप फुगून ताठ झाला होता. वन्संनी पान्हा उचलला आणि कपलिंगवर घाव घातला.

"वन्सं, नको," मी ओरडले.

दुसरा घाव बसला आणि कड्याच्या कडेने कढत पाण्याची पिचकारी उडाली. त्यांनी हात मागे घेतला, पण मनगट सापडलंच. तोंडातून आवाज काढला नाही त्यांनी. पान्हा गालिच्यावर पडला, एवढंच.

मी धावत जाऊन यंत्र बंद केलं, दांडीचा खटका दाबून पाइपातला दाब उतरवला आणि वन्संना ओढत शेजारच्या बेसिनपाशी नेलं. गार पाण्याच्या धारेखाली त्यांचा हात धरला. मनगटावर तळव्याएवढा लाल डाग. त्या आरशात न बघता भिंतीकडे बघत होत्या. इतक्या जवळून मी त्यांना खूप दिवसांत पाहिलं नव्हतं. गालफडं आत गेली होती.

मग माझ्याने राहवलं नाही.

"वन्सं, गाठ आहे का?"

"कसली गाठ?"

"आईंना होती तशी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. आधी समजलंच नाही त्यांना. समजलं तेव्हा त्यांचा चेहरा एकदम ओशाळा झाला, चोरी पकडली गेलेल्या माणसासारखा.

"अगं, नाही गं," त्या म्हणाल्या. "तसलं काही नाही. तू हे मनात घेऊन बसली होतीस?"

"मग काय आहे?"

नळाचं पाणी वाहत होतं. वन्संनी दुसऱ्या हाताने तो बंद केला.

"खाली एक माणूस बसलाय," त्या म्हणाल्या. "माझी वाट बघत."

त्यांनी मग तिथेच, बेसिनला टेकून, तुकड्या तुकड्यांनी सांगितलं. वर्षापूर्वी पैठणच्या एका विश्रामगृहाचे गालिचे धुवायचं काम आलं होतं. मी तापाने पडले होते म्हणून त्या एकट्याच टेम्पो घेऊन गेल्या होत्या. तिथे बागेत रोपं लावून द्यायला विनायकराव गंगाखेडकर नावाचे गृहस्थ आले होते. मोसंबीच्या कलमांची रोपवाटिका त्यांची. बायको वारून बरीच वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन हैदराबादला. त्यांनी वन्संना चहा विचारला. मग कशाकशावरून फोन. मग महिन्यातून एकदा त्यांचं काहीतरी काम औरंगाबादला निघू लागलं. आता त्यांनी लग्नाचं विचारलं होतं आणि त्या दिवशी उत्तर घ्यायला आले होते. गालिचा वाळत असताना अर्धा तास खाली जाऊन येऊ, असा वन्संचा बेत होता. आणि दात खरोखरच दुखत होता.

मी ऐकत होते. गाठ नाही, हे आधी कळलं आणि मी भिंतीला टेकले. देवा, गाठ नाही. पण ते सुख मला पुरतं घेताच आलं नाही. त्याच्या मागोमाग दुसरं काहीतरी गार चढत आलं. आमची सिडकोतली दोन खोल्यांची जागा. दोन खाटा. सकाळचा त्यांचा खाकरण्याचा आवाज.

"काय उत्तर देणार आहात?" मी विचारलं.

"नाही म्हणून सांगणार." वन्संनी पदर झटकला. कामावर त्या साडी गुडघ्यापर्यंत खोचून घ्यायच्या, ती आता कमरेपर्यंत भिजली होती. "हे काय वय आहे का? आणि हे असं सगळं ओलंचिंब. तूच जा खाली. सांग त्यांना, जमायचं नाही म्हणावं. आणि पुन्हा येऊ नका म्हणावं."

"तुम्ही सांगा ना."

"मला सांगता आलं असतं तर महिना घालवला असता का?"

हॉलमध्ये परत येऊन मी कपलिंगभोवती व्हिनेगरमध्ये बुडवलेलं फडकं घट्ट गुंडाळलं, माझं ओरडणं ऐकून कादरीसाहेबांनी पाठवलेला बर्फ वन्संच्या मनगटावर ठेवला आणि जिना उतरू लागले. पायऱ्या उतरताना माझं मन थाऱ्यावर नव्हतं. मला निरोप दिला गेला होता. निरोप द्यायचा आणि यायचं. माझं काहीच वाईट दिसणार नव्हतं त्यात. संध्याकाळी दोघी घरी जाऊ, पिठलं टाकू, उद्या पुन्हा कामाला. जिन्याच्या वळणावर मी उगाच थांबले, कठड्यावरची धूळ बोटाने पुसली, आणि पुन्हा निघाले.

खालच्या उपाहारगृहात तो एकच माणूस एकटा बसलेला होता, म्हणून ओळखायला वेळ लागला नाही. पन्नाशी उलटलेली, अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा, आणि नखांच्या कडांत माती. धुऊनही न गेलेली. मला बघून ते उठले. मी कोण हे मी सांगायच्या आधीच म्हणाले, "संजीवनीताई ना? बसा."

मी बसले नाही. ते मग उभेच राहिले.

"त्या येणार नाहीत," ते म्हणाले. विचारलं नाही, नुसतं म्हणाले. "मागेही दोनदा मी आलो आणि निरोप आला. एकदा तुम्हाला बरं नाही म्हणून, एकदा तुमच्या मिस्टरांचं श्राद्ध म्हणून."

मला दोन्ही निरोप ठाऊक नव्हते. मला बरं नव्हतं तो तर वर्षापूर्वीचा ताप.

"मी त्यांना म्हटलं, ताईंनाही घेऊन या. घर मोठं आहे. तर माझ्यावर चिडल्या. म्हणाल्या, ती काय पेटी-वळकटी आहे का उचलून आणायला." ते किंचित हसले आणि लगेच गंभीर झाले. "म्हणाल्या, ती शिरीषचं घर आणि हे शहर सोडणार नाही, आणि मी तिला टाकून येणार नाही. त्यावर मी काय बोलणार. खरं आहे ते."

"मी सोडणार नाही, असं म्हणाल्या त्या?"

"हो. का?"

शेजारच्या टेबलावर कुणीतरी चमचा पाडला. माझ्या कानात पंप चालू असल्यासारखी घरघर होत होती. शिरीष गेल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी मला पुण्याहून बोलावणं आलं होतं. हीच यंत्रं विकणारी एक कंपनी होती, यंत्रं घेणाऱ्यांना ती चालवायला शिकवायचं काम. भावाने राहायची सोयही बघितली होती. मी नाही म्हणून कळवलं. वन्संना सांगितलंही नाही. चाळिशी ओलांडलेली बाई, मागे कुणी नाही, मी गेले तर कुणाच्या तोंडाकडे बघून राहील?

"ताई," विनायकराव म्हणाले, "मला थांबायला काही वाटत नाही. कलमं लावणारा माणूस मी, आम्हाला सवय असते. पण नाही असेल तर आज नाही सांगून टाका. उगाच आशेवर ठेवू नका."

नाही हा एकच शब्द. त्यासाठीच तर मी आले होते.

"बसा तुम्ही," मी म्हटलं. "चहा सांगा. येतीलच त्या."

वर आले तेव्हा वन्सं फडकं सोडून कपलिंग चाचपून बघत होत्या. एका हाताने, दुसरं मनगट छातीशी धरून. "निरोप दिलास?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"का?"

"त्यांना तुम्ही सांगितलंत, मी हे शहर सोडणार नाही म्हणून."

"मग? सोडणार होतीस का तू?"

"पुण्याहून बोलावणं आलं होतं मला. गेले असते."

वन्संचा हात थांबला. "कधी?"

मी सांगितलं. कोणती कंपनी, काय काम, भावाने काय ठरवलं होतं. त्या ऐकत गेल्या आणि त्यांचा चेहरा तापत गेला. मला वाटलं होतं, त्यांना रडू येईल. त्यांना राग आला. असा राग मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिला नव्हता.

"मग गेली का नाहीस?"

"तुम्ही एकट्या राहिला असता."

"मी तुला थांब म्हटलं होतं?"

"नाही. मी तरी तुम्हाला कुठे म्हटलं होतं?"

"अगं पण तू रडत होतीस रात्रंदिवस. त्याचं यंत्र पुसत बसायचीस. मला वाटलं, हा धंदा गेला तर ही जगायची नाही. बालवाडीत मला मुख्य बाई करत होते, संजू. शिरीष गेला त्या वर्षीच. मी नाही म्हटलं. पाइप ओढायला आले तुझ्याबरोबर. मला काय हा पाइप आवडत होता?"

"आवडत नव्हता?"

"एक दिवस नाही." वन्संनी भिजलेला पदर नाकाशी धरला. "हा ओल्या गालिच्याचा वाससुद्धा नाही. घरी जाऊन मी केसांना लिंबू लावते, ते काय कोंड्यासाठी?"

एवढी वर्षं देवाच्या उपकरणीसारखं कपलिंग पुसणारी बाई. मला वाटायचं, त्यांचा जीव रमला आहे यात, आपण पुण्याला जाऊन त्यांचा हाही विरंगुळा काढून घेणार. आणि त्या ते पुसत होत्या ते केवळ माझ्या नवऱ्याची वस्तू म्हणून, माझ्यासाठी.

"मला आवडतं," मी म्हटलं. "मला खरंच आवडतं हे काम. शिरीषचं म्हणून नाही. पुण्याला जाऊनही मी हेच करणार होते."

आम्ही दोघी त्या मळक्या-स्वच्छ रेघेच्या अल्याडपल्याड उभ्या होतो. कादरीसाहेब दारात आले, आमच्याकडे बघितलं आणि किल्ल्या न वाजवता परत गेले.

ती रेघ बघत वन्सं म्हणाल्या, "दोघी मूर्ख आहोत."

"उठा," मी म्हटलं. त्या उभ्याच होत्या, तरी मी उठा म्हटलं. "माझी ओढणी घ्या, साडी पिळून नीट नेसा आणि खाली जा."

"आधी हे सुटू दे."

"ते माझं मी बघते."

"तुला जमायचं नाही. तू कधी केलंय का हे?"

"तुम्ही करू दिलंत तर ना."

त्या दारापर्यंत गेल्या. तिथून परत आल्या, पान्हा उचलून पिशवीत टाकला आणि म्हणाल्या, "याला हात लावू नकोस. आधी दाब उतरलाय ना बघ. कोमट पाणी घाल, उकळतं नको. कडं ओढू नकोस, फिरव. आधी डावीकडे, मग उजवीकडे. पुन्हा पाणी. घाई करायची नाही." मग माझ्याकडे पाठ करून त्यांनी आरशासारख्या चमकणाऱ्या खिडकीच्या काचेत केस सारखे केले, आणि गेल्या.

मी गालिच्यावर मांडी घालून बसले. दांडीचा खटका पुन्हा दाबून बघितला, थेंबही आला नाही. कपलिंगवर कोमट पाणी घातलं. निम्मं पाणी मांडीवरच पडलं. कडं धरलं, डावीकडे फिरवलं. नाही. उजवीकडे. नाही. पुन्हा व्हिनेगर, पुन्हा पाणी. मधेच मन खाली धावे. काय बोलत असतील? हो म्हणाल्या असतील का? मी पुण्याला पुन्हा विचारू शकते का, की आता फार उशीर झाला? घर कसं लागेल संध्याकाळी? मन असं भिरभिरलं की बोटं ओढायला लागायची, आणि ओढलं की कडं आणखी आखडायचं. मग पुन्हा पहिल्यापासून. शेवटी शेवटी कड्याच्या कडेने पांढरट दुधासारखं पाणी झिरपू लागलं. त्यात चुन्याचे कण. मी फिरवत राहिले. कुठल्या वेळी ते सरकलं मला कळलंही नाही. दांडी आपसूक हातात आली आणि मी खुळ्यासारखी त्या उघड्या तोंडाकडे बघत बसले.

मग जुन्या दातघासणीने आतला थर घासला, छर्रे मोकळे केले, रबरी कडीला तेलाचं बोट लावलं. दुसरा पाइप जोडला. खट्ट.

उरलेला हॉल मी एकटीने धुतला. पाइप ओढायला मागे कुणी नसलं की तो खुर्च्यांच्या पायांत अडकतो, वळतो, दांडी सोडून मागे जावं लागतं, सोडवावं लागतं, पुन्हा यावं लागतं. दम लागला. एका कोपऱ्यात मला थोडं रडू आलं, पण पंपाच्या आवाजात ते माझं मलाही ऐकू आलं नाही. स्टेजची शेवटची पट्टी उरली असताना पाइप एकाएकी हलका झाला. वळून बघितलं तर वन्सं मागे उभ्या, माझी ओढणी कमरेला बांधलेली, चांगल्या हाताने पाइप उचलून धरलेला.

मी यंत्र बंद केलं. "काय झालं?"

"काही नाही. म्हणाले, बागेत डास फार असतात, आधीच सांगून ठेवतो."

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, मच्छरदाणी घेऊ." आणि त्या लाजल्या. चव्वेचाळीस-पंचेचाळीस वर्षांची बाई, भाजलेल्या मनगटाची, चक्क लाजली. "चालू कर यंत्र. ते फुलवाले आले खाली."

पैठणला मोजक्या माणसांत लग्न झालं. हैदराबादहून मुलगी आली होती, तिने वन्संना आई म्हटलं नाही, कुमुदमावशी म्हटलं, आणि ते वन्संना फार बरं वाटलं. त्या पुढे तिथल्या वस्तीवरच्या पोरांना घरीच शिकवायला लागल्या. मी पुण्याला गेले नाही. विचारून बघितलं होतं, ती जागा केव्हाच भरली होती. पण हातातलं काम वाढवलं, दोन बायका कामाला घेतल्या, त्यांना शिकवलं. जोडण्या पुसायचं काम मी कुणाला देत नाही असं त्या दोघी म्हणतात, आणि ते खरं असावं.

सुरुवातीचे काही महिने वन्संचा फोन यायचा तो एकाच चालीवर. तू बरी आहेस ना, मी छान आहे. मी पण छान आहे. जेवलीस ना. जेवले. दोघी पुन्हा त्याच जुन्या वळणावर चाललो होतो, हे माझ्या लक्षात येत होतं आणि तरी जिभेवर तेच यायचं.

मग एका दुपारी फोन आला. मागे कुठेतरी पाणी सोडल्याचा आवाज येत होता, बागेत असाव्यात.

"संजू," त्या म्हणाल्या, "मला करमत नाही गं."

"मलाही नाही," मी म्हटलं.

बराच वेळ आम्ही फोन कानाला धरून होतो. ये असं त्या म्हणाल्या नाहीत. या असं मीही म्हटलं नाही.